वरच्या मजल्यावरची बीअर

आमच्या धंद्यात टार्गेट पूर्ण झालं की कंपनी थायलंडला नेते. खत-औषधांचं दुकान असलेल्या कुणालाही विचारा, त्याच्या मोबाईलमध्ये पट्टायाच्या समुद्रातला लाइफ जॅकेट घातलेला एक तरी फोटो सापडेल. घरी सांगायचं, कंपनीचं ट्रेनिंग आहे. येताना बायकोला पर्फ्यूम, पोरांना चॉकलेट आणि गल्लीतल्या गुडघेदुखीवाल्यांना बामच्या बाटल्या आणायच्या. बाकीचं कुणी कुणाला सांगत नाही. मी आज त्या बाकीच्यातलंच सांगणार आहे, कारण दिवाळीनंतर पुढची बॅच निघायची आहे आणि आमच्या आधीच्या दोन्ही बॅचमधली माणसं त्याच गल्लीत, तसल्याच जिन्यावर फसली होती. हे मला कळलं मी स्वतः फसून आल्यावर. तोवर एकानंही तोंड उघडलं नव्हतं.

आम्ही 2024 च्या नोव्हेंबरात गेलो. तीन रात्री पट्टाया, दोन रात्री बँकॉक. बँकॉकच्या पहिल्या दिवशी वाट ट्रायमितचा सोन्याचा बुद्ध दाखवला, साडेपाच टन सोनं, आणि आमच्यातल्या प्रत्येकानं तिथंच मनातल्या मनात तोळ्याचा भाव लावून पाहिला. आमचा थाई गाइड मोडकीतोडकी हिंदी बोलायचा. संध्याकाळी हॉटेलवर सोडताना तो म्हणाला, "नाइट मार्केट जाओ, बीअर पीओ, नीचे बैठो. ऊपर नहीं. ऊपर मत जाना." आम्ही हसलो. पुढच्या सीटवरचे अण्णा म्हणाले, "वर काय आहे ते बघायलाच तर आलोय, लेका." अण्णा आमच्यात वयानं मोठे, पलीकडच्या तालुक्याचे डीलर. त्यांच्या शब्दाला मान.

आम्ही चौघं पाटपाँगच्या नाइट मार्केटला निघालो. मी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणजे आमचे दाजी, अण्णा आणि अण्णांचा भाचा.

पाटपाँग म्हणजे सिलोम आणि सुरवोंग या दोन रस्त्यांना जोडणाऱ्या जेमतेम दोन गल्ल्या. 1946 मध्ये पाटपाँगपानिच नावाच्या कुटुंबानं ही जमीन घेतली, म्हणून गल्लीला त्यांचं नाव. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सुट्टीवर येणाऱ्या अमेरिकन सैनिकांनी इथले बार भरभराटीला आणले. स्काय ट्रेनच्या साला डेंग स्टेशनवर उतरलं की चालत पाच मिनिटं. रात्री स्टॉल लागतात, नकली घड्याळं, नकली टी-शर्ट, आणि दोन्ही बाजूंना गुलाबी-निळ्या पाट्यांचे बार. तळमजल्यावरच्या बारची दारं उघडी असतात, आत काय चाललंय ते रस्त्यावरून दिसतं. जिने मात्र अरुंद, दोन बारच्या फटीतून वर गेलेले. मुख्य फरक हाच आहे, पण तो आम्हाला तेव्हा कुठं कळतोय.

दहा मिनिटांत एक जण चिकटला. "इंडिया? नमस्ते, नमस्ते!" हातात लॅमिनेट केलेलं कार्ड. एका बाजूला वर दाखवल्या जाणाऱ्या 'खेळां'ची यादी, दुसऱ्या बाजूला मोठ्या अक्षरात बीअर 100 बाट. "नो कव्हर चार्ज. लुक लुक, नो लाइक, गो." म्हणजे आत बसायचे वेगळे पैसे नाहीत, बघा, नाही आवडलं तर जा. यादीत पहिलंच नाव पिंग-पाँगचं होतं. आपल्याला ते खरंच टेबल टेनिस वाटलं होतं, असं अण्णा आजही शपथेवर सांगतात. तेव्हा बाटचा भाव दोन रुपये चाळीस पैसे होता. म्हणजे बीअर 240 रुपयांना. पुण्यातल्या बऱ्या बारमध्येही तेवढेच लागतात, असा हिशोब भाच्यानं जिना चढता चढताच केला.

वर जाड पडदा, आत काळोख, गार हवा आणि शिळ्या सिगारेटचा वास. आम्हाला स्टेजजवळच्या बाकावर नेऊन बसवलं, दारापासून सगळ्यात लांब. चार बीअर आल्या. टेबलावर एक लाकडी पेला ठेवला आणि त्यात गुंडाळून एक चिठ्ठी खोचली. थायलंडच्या बारमध्ये ही पद्धतच आहे, प्रत्येक ऑर्डरची चिठ्ठी पेल्यात पडत जाते आणि शेवटी त्यांची बेरीज होते. चांगल्या बारमध्ये ही गिऱ्हाइकाच्या सोयीची गोष्ट आहे, कधीही हात घालून बघता येतं. आम्ही एकदाही बघितलं नाही.

स्टेजवर काय चाललं होतं ते लिहीत नाही. पाहण्यासारखं काही नव्हतं एवढं मात्र लिहितो. त्या बायकांच्या चेहऱ्यावर दुपारच्या पाळीला बसलेल्या बँकेच्या कॅशियरचा कंटाळा होता. एक जण आपली पाळी संपवून कोपऱ्यात प्लास्टिकच्या पिशवीतला चिकट भात खात बसली होती. तिच्याकडे नजर गेली आणि मला आपण इथं बसलोय याची लाज वाटायला लागली. उठायला हवं होतं तेव्हाच. पण बीअर अर्धी होती, आणि पैसे दिलेली बीअर टाकून उठणं आमच्या रक्तात नाही.

तोवर आमच्या शेजारी तीन मुली येऊन बसल्या होत्या. कुणी बोलावलं नव्हतं. एकीनं दाजींना नाव विचारलं, दाजींनी सांगितलं, तिनं टाळी वाजवली, आणि तेवढ्यात वेटर तीन छोटे ग्लास ठेवून गेला. नंतर परत तीन. मग कापलेल्या कलिंगडाची एक बशी. आम्हाला वाटलं पाहुणचार. प्रत्येक वेळी पेल्यात चिठ्ठी पडत होती.

पाऊण तासानं मी बिल मागितलं.

तो हिशोब मला पाठ आहे. चार बीअर 400. 'शो चार्ज' माणशी 1,500, चौघांचे 6,000. मुलींचे सहा ग्लास, एक 600 ला, म्हणजे 3,600. कलिंगड 800. वर दहा टक्के सर्व्हिस. एकूण 11,880 बाट. अठ्ठावीस हजार रुपयांच्या वर. आमच्याकडे एक शेतकरी एवढ्या रकमेत आख्ख्या एकराचा खताचा डोस विकत घेतो आणि तरी उधारी मागतो.

मी कार्डावरचं "नो कव्हर चार्ज" आठवून भांडायला लागलो. कार्डवाला केव्हाच खाली गेलेला. त्याच्या जागी काउंटरवर एक बाई आली, आवाज न चढवता बोलणारी, आणि तिनं भिंतीवरचा एक कागद दाखवला. त्यावर शो चार्ज छापलेला होता, काळोखात, आमच्या पाठीमागं. दरम्यान पडद्याजवळ दोन आडदांड पोरं येऊन उभी राहिली. त्यांनी हात लावला नाही, शिवी दिली नाही. नुसती उभी राहिली. भाचा तावातावानं उठला तेव्हा अण्णांनी त्याचा शर्ट धरून खाली बसवला, आणि त्या रात्रीतलं एवढं एकच काम आम्ही अकलेनं केलं. परदेशात, बंद खोलीत, दुसऱ्याच्या मजल्यावर मारामारी करून कुणाचे पैसे वाचलेले नाहीत.

घासाघीस झाली. शेवटी 9,000 वर आलं. चौघांच्या खिशातले मिळून 5,400 रोख भरले, उरलेले 3,600 दाजींच्या फॉरेक्स कार्डवरून. मशीनवर पिन टाकल्यावर ती बाई म्हणाली, "एरर, अगेन." मी म्हटलं, "दाजी, थांबा, आधी मोबाईल बघा." मेसेज आलेला होता, पैसे गेलेले होते. दुसऱ्यांदा पिन दाबला असता तर आणखी 3,600 गेले असते. मोबाईल तिच्यासमोर धरला तेव्हा ती हसली आणि पडदा बाजूला झाला.

सिलोम रोडवर येऊन आम्ही चौघंही गप्प उभे. अण्णांचं म्हणणं, झालं ते झालं, कुणाला बोलायचं नाही. बरोबर हेच त्या जिन्याचं भांडवल आहे. आत बसलेला माणूस बायकोला सांगणार नाही, कंपनीला सांगणार नाही, पोलिसांकडे तर मुळीच जाणार नाही, हे त्यांना आपण कार्डकडे बघतो त्या क्षणीच कळलेलं असतं. बीअर 100 बाटला देऊन ते आपली लाज विकत घेतात.

मी गाइडला फोन लावला. तो दोन सेकंद काही बोलला नाही, मग म्हणाला, "ऊपर गया?" आणि 1155 लावायला सांगितलं. हा थायलंडच्या टुरिस्ट पोलिसांचा नंबर. इंग्रजी बोलतात. हा एवढा आकडा फोनमध्ये साठवून ठेवा, बाकी माझं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल. फोनवरच्या माणसानं पहिला प्रश्न विचारला, बारचं नाव काय? आम्हाला माहीत नव्हतं. भाच्यानं परत जाऊन लांबून पाटीचा फोटो काढून आणला. अर्ध्या तासानं एक अधिकारी आला, आम्हाला घेऊन तोच जिना चढला, काउंटरवरच्या बाईशी थाईत बोलला. तिनं जराही वाद न घालता गल्ला उघडला आणि 4,000 बाट मोजून दिले, दुकानदार बदली माल परत घेतो तशा सहजपणे. आमचे 5,000 बाट, म्हणजे 12,000 रुपये, गेले ते गेलेच. तक्रार लिहून द्यायची तर सकाळी ठाण्यात या, असं तो म्हणाला. सकाळी आमची सफारी वर्ल्डची बस होती. बार आम्ही खाली उतरेपर्यंत पूर्ववत सुरू झाला होता, आणि जिन्याच्या तोंडाशी तोच कार्डवाला दोन गोऱ्या पोरांना नमस्तेऐवजी 'हॅलो' म्हणत होता.

हॉटेलवर जाऊन दाजींनी ॲपमधून कार्ड बंद केलं. खरं तर कार्ड आणि पासपोर्ट तिजोरीत ठेवूनच निघायला हवं होतं. खिशात तेवढेच बाट, जेवढे गेले तरी रडू येणार नाही.

झोप लागेना तेव्हा एक गोष्ट डोक्यात फिरत राहिली, ती सांगू का नको असं झालंय. आमच्या धंद्यात 'लिंकिंग' नावाचा प्रकार आहे. शेतकऱ्याला हवी असते युरियाची 45 किलोची गोणी, सरकारी दर 266 रुपये 50 पैसे. कंपनी आम्हाला सांगते, युरिया पाहिजे तर सोबत हे पिकाचं टॉनिक घे. आम्ही ते शेतकऱ्याच्या गळ्यात मारतो. कायद्यानं बंदी आहे, सगळ्यांना माहीत आहे, सगळे करतात. स्वस्त दराची पाटी दाखवून आत घ्यायचं आणि न मागितलेला माल बिलात चढवायचा. त्या बाईनं माझ्यावर नेमकं तेच केलं होतं. ज्या टार्गेटवर ही ट्रिप मिळाली, त्यात अशी किती टॉनिकं होती हे मला ठाऊक आहे. असो. विषय बँकॉकचा आहे.

दुसऱ्या रात्री आम्ही परत तिथंच गेलो. हो, गेलो. तळमजल्यावरच्या, रस्त्याकडे उघड्या असलेल्या एका बारमध्ये, बाहेरच्या स्टुलावर बसलो. दर छापलेलं मेन्यूकार्ड आधी मागून घेतलं. दर बीअरला भाचा पेल्यातली चिठ्ठी काढून मोबाईलच्या उजेडात वाचायचा. एक मुलगी येऊन 'ड्रिंक?' म्हणाली, दाजींनी हात जोडून नको म्हटलं, ती हसून निघून गेली. कुणी अडवलं नाही, कुणी रागावलं नाही. बिल चिठ्ठ्यांच्या बेरजेइतकं आलं. बाहेर गाडीवर कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस होतं, ते अण्णांनी चिकन समजून खाल्लं आणि आम्ही सांगितलं नाही. बँकॉकची रात्र खरोखर मजेची आहे. कुणी ओढून नेत असेल तिकडं जायचं नाही, एवढंच. टुकटुकवाला 'चांगला बार' सुचवत असेल तर त्याचं कमिशन तुमच्याच बिलात असतं.

आणि हे फक्त बँकॉकचं नाही. मुंबई-दिल्लीत डेटिंग ॲपवर ओळख झालेली मुलगी स्वतःच क्लब निवडते, महागडे ग्लास मागवते आणि बिल यायच्या आत निघून जाते, अशा तक्रारी पोलिसांपर्यंत गेलेल्या आहेत. जिना वेगळा, पेला तोच.

परत आल्यावर एक घोळ झाला. दाजींच्या कार्डाचं स्टेटमेंट ताईच्या हाती लागलं. 3,600 बाट, रात्री अकरा वाजता, नाव थाई. दाजी गांगरून म्हणाले, सोन्याच्या बुद्धाला देणगी दिली. तेव्हापासून ताई सगळ्या भावकीत सांगत असते की आमच्या ह्यांनी परदेशातल्या देवाला साडेआठ हजार वाहिले, आणि दाजी प्रत्येक वेळी पाणी प्यायला आत जातात. ताई फोनवर मराठी लेख वाचते. हा वाचत असशील तर, ताई, पैसे बुद्धाला पोचलेले नाहीत. दाजींवर रागावू नकोस, जिना चढायचा आग्रह माझाही होता.