नऊ महिने रोज ध्यान आणि सहा हीलिंग सत्रं: माझा अनुभव

ध्यानावर लिहिणारे बरेच जण पहिल्या महिन्याच्या उत्साहात लिहितात. मीही तेव्हा लिहायला घेतलं होतं, पण दोन परिच्छेदांतच थांबलो. जे लिहीत होतो ते ऐकलेलं होतं, माझं झालेलं नव्हतं. आता नऊ महिने झाले. आजारपणाचे आणि प्रवासाचे मिळून पंधरा-सोळा दिवस चुकले असतील, बाकी रोज बसलो. मधल्या काळात एका हीलरकडे, म्हणजे हात ठेवून उपचार करणाऱ्याकडे, सहा सत्रंही घेतली. दोन्हींतून मला मिळालेलं सारखं नाही, म्हणून दोन्ही वेगवेगळं सांगतो.

याकडे का वळलो ते आधी सांगायला हवं. माझा थोरला भाऊ हृदयविकाराच्या झटक्याने गेला. त्या दुपारी त्याचा मला फोन आला होता. मी कामात होतो. संध्याकाळी निवांत बोलू म्हणून मी तो घेतला नाही. संध्याकाळ व्हायच्या आतच वहिनींचा फोन आला.

पुढचे तीन महिने रोज रात्री अडीचच्या सुमारास जाग यायची आणि उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा लागायचा नाही. छाती आवळून यायची. ईसीजी झाला, इको झाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या. हृदयात काही दोष निघाला नाही. डॉक्टरांनी चिंतेवरचं कमी मात्रेचं औषध सुरू केलं, समुपदेशनाला पाठवलं आणि निघताना म्हणाले, "रोज थोडा वेळ शांत बसून बघा. औषधाऐवजी नाही हं, औषधाच्या जोडीला." हे शेवटचं वाक्य पुढे माझ्या फार कामी आलं.

मला वाटलं होतं, बसायला लागलो की मन त्रास देईल. पहिले तीन आठवडे सगळा त्रास गुडघ्यांनी दिला. मांडी घालून बसलं की दहाव्या मिनिटाला उजव्या पायाला मुंग्या, मग पाठीला पोक, मग मानेत कळ. दात-ओठ खाऊन सहन करायचं म्हणजे ध्यान, असं मी समजत होतो. ते चुकीचं आहे. ब्लँकेटची घट्ट घडी करून बैठकीखाली घेतली, साधारण चार बोटं उंच. गुडघे कमरेच्या खाली आले की कंबर किंचित पुढे कलते आणि पाठ फार जोर न लावता सरळ राहते. ज्या दिवशी गुडघा कुरकुरतो त्या दिवशी मी खुर्चीवर बसतो, पाठ न टेकवता, पावलं जमिनीवर सपाट ठेवून. कमरेचं किंवा गुडघ्याचं दुखणं असलेल्यांनी खुर्चीच घ्यावी.

वेळ दहा मिनिटांपासून सुरू केली, दोन महिन्यांनी वीस केली, आता पंचवीसवर आहे. पहाटे बसतो, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. सुरुवातीला एक ॲप वापरलं. त्यातला सूचना देणारा आवाज खरोखर चांगला होता, पहिल्या आठवड्यांत त्याचा आधार वाटला. पण सलग किती दिवस बसलात याचा आकडा ते रोज दाखवायचं. एक्केचाळीस दिवसांनंतर मला ताप आला, आकडा शून्यावर गेला आणि त्या शून्याचं मला दिवसभर वाईट वाटत राहिलं. काहीतरी हातून निसटलं याच टोचणीने मी आधीच पोखरला गेलो होतो, तीत ही आणखी एक भर. त्याच रात्री ॲप काढून टाकलं. आता साधं गजराचं घड्याळ लावतो.

आता श्वासाबद्दल. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते.

जवळजवळ सगळीकडे पहिली पायरी एकच सांगतात: नाकपुड्यांपाशी श्वास येतो-जातो तो नुसता बघायचा. बौद्ध परंपरेत याला आनापान म्हणतात. १९७९ मध्ये जॉन काबाट-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखणी आणि ताणतणाव असलेल्या रुग्णांसाठी एक कार्यक्रम सुरू केला, त्यातही श्वासाचं आणि पायापासून डोक्यापर्यंत शरीराचं निरीक्षण आहेच. इतक्या लोकांना लागू पडलेली ही गोष्ट मला मात्र उलटी पडली. श्वासाकडे लक्ष गेलं की तो पुरत नाहीसा वाटायचा. मग मी तो मुद्दाम ओढायचो, छाती आवळायची आणि दादाला शेवटी असंच झालं असेल का, हा विचार यायचा. दोनदा तर मी उठून खिडकी उघडून उभा राहिलो.

समुपदेशकबाईंना हे सांगायला मला संकोच वाटत होता. श्वास बघण्याइतकी सोपी गोष्ट जमत नाही, हे कसं सांगायचं? त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग सध्या श्वासाच्या वाटेला जाऊच नका. तुमची भीती नेमकी छातीतच बसलेली आहे. तळपाय धरा." त्या दिवसापासून मी पावलांचा जमिनीला होणारा स्पर्श धरून बसू लागलो. टाचेचा दाब, बोटांखालचा गारवा, कधी नुसता पंख्याचा आवाज. डोळे पूर्ण मिटायचे नाहीत, अर्धवट उघडे ठेवून समोरच्या फरशीवर नजर. चार-पाच दिवसांत छातीचं आवळणं कमी झालं.

ध्यानाने काहींचा त्रास वाढतो, याची नोंद संशोधनातही आहे. २०२० साली ८३ अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे ८ टक्के लोकांना अनिष्ट परिणाम जाणवल्याचं दिसलं, आणि त्यांत चिंता वाढणं हा सर्वांत जास्त आढळलेला. म्हणजे बाराजणांत एक. बसल्यावर अस्वस्थ वाटत असेल तर नेट लावून पुढे रेटू नका. पद्धत बदला आणि जाणकार माणसाशी बोला.

श्वासाकडे मी चौथ्या महिन्यात परत आलो, तेही वेगळ्या वाटेने. चार आकडे मोजेपर्यंत आत घ्यायचा, सहा मोजेपर्यंत सोडायचा. एका आकड्याला एक सेकंद धरला तर मिनिटाला सहा श्वास होतात. एरवी मोठ्या माणसाचे आरामात असताना मिनिटाला १२ ते २० श्वास होतात. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस या मेंदूतून हृदयापर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूच्या प्रभावाने हृदयाचे ठोके किंचित संथ होतात, म्हणून उच्छ्वास लांबवायचा. मी मनगटावर बोटं ठेवून पाहिलं तर सोडताना नाडी खरंच जराशी रेंगाळत होती. हृदयाची इतकी धास्ती घेतलेल्या माणसाला आपलं हृदय आपलं ऐकतंय हे बोटाला कळणं, याचं मोल मला शब्दांत सांगता येणार नाही.

विचार थांबतात का? माझे थांबले नाहीत. एक ते दहा आकडे मोजायचे तर तीनवर मन कुठेतरी निघून गेलेलं असायचं. पुढे एक युक्ती उपयोगी पडली: आलेल्या विचाराला मनात एका शब्दाचं नाव द्यायचं आणि मोजणी परत एकपासून धरायची. "बेत." "आठवण." "काळजी." महिनाभर असं केल्यावर मला एक गोष्ट दिसली. माझ्या विचारांतले निम्म्याहून जास्त एकाच नावाचे होते: "भांडण." आणि ते भांडण दुसऱ्या कुणाशी नव्हतं. फोन का घेतला नाहीस, दोन मिनिटांनी काय बिघडलं असतं, बाहेर जाऊन बोलता आलं नसतं का? दिवसाकाठी पन्नास वेळा मी स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत होतो आणि मला त्याचा पत्ता नव्हता. सातव्या आठवड्यात एकदा हे बघता बघताच रडू आलं आणि पंचवीस-तीस मिनिटं थांबलं नाही. त्या रात्री मी सलग झोपलो.

आता हीलिंग. तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात मी रेकीच्या पद्धतीची सहा सत्रं घेतली. ही पद्धत जपानची, मिकाओ उसुई यांनी १९२२ च्या सुमारास सुरू केलेली. तुम्ही कपड्यांनिशी उताणे पडून राहता आणि हीलर तुमच्या कपाळावर, छातीवर, पोटावर हात ठेवतात किंवा थोडे वर धरतात. मला कपाळापाशी स्पष्ट ऊब जाणवली. पहिल्या सत्रानंतर मी सहा तास झोपलो, तेव्हा तीनच मिळाले तरी पुष्कळ वाटायचे. त्यामुळे या अनुभवाला मी खोटं म्हणणार नाही.

पण अनुभव खरा असला म्हणून त्यामागचं सांगितलेलं कारण खरं ठरत नाही. अंगाला न लावता हात फिरवण्याच्याच एका उपचाराबद्दलचा प्रयोग वाचला. एमिली रोझा या नऊ वर्षांच्या अमेरिकी मुलीने शाळेसाठी तो केला होता आणि १९९८ मध्ये तो वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. २१ उपचारकांनी पडद्याआड हात ठेवायचे, ती आपला हात त्यांच्या एका हातावर धरणार आणि त्यांनी तिची ऊर्जा कुठल्या हाताला जाणवते ते सांगायचं. २८० प्रयत्नांत १२३ उत्तरं बरोबर आली, म्हणजे ४४ टक्के. नुसते अंदाज बांधले असते तरी निम्मी बरोबर येतात. हे वाचून मला हीलरचा राग आला नाही. मला मिळालं ते काय होतं, हा प्रश्न मात्र नीट पडला. दादा गेल्यानंतर एक तासभर कुणी माझ्याजवळ शांत बसलंय, काही विचारत नाही, समजूत घालत नाही, सगळं लक्ष माझ्याकडे आहे, असं तोवर झालंच नव्हतं. ऊब त्याची होती असं मला वाटतं. ज्यांना अशा तासाची गरज आहे त्यांनी तो जरूर घ्यावा.

सहाव्या सत्रात हीलर म्हणाले, गोळ्या ऊर्जेला अडवतात, त्या बंद करा. मी कच्चा होतो, दोन दिवस बंद केल्याही. चक्कर, घाम, आणि रात्री पुन्हा तो अडीचचा ठोका. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी गोळ्या लगेच परत चालू करायला सांगितल्या आणि अशी औषधं एकदम सोडायची नसतात हे समजावलं. मी तिथे परत गेलो नाही. जो कुणी तुम्हाला तुमच्या डॉक्टरांना न विचारता औषध सोडायला सांगतो, त्याच्या हातात कितीही ऊब असली तरी तिथून उठा. ध्यानालाही हेच लागू. २०१४ साली ४७ चाचण्या आणि ३,५१५ माणसांचा एक मोठा आढावा आला. त्यात चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर ध्यानाचा उपयोग होतो याचा मध्यम दर्जाचा पुरावा सापडला. औषध किंवा व्यायाम यांच्यापेक्षा ते सरस असल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. डॉक्टरांचं "जोडीला" म्हणजे हेच.

नऊ महिन्यांचा हिशेब असा. अडीचची जाग आता आठवड्यातून एखाद्या वेळी, आणि आली तरी तळपाय धरून पडून राहतो, बहुतेकदा झोप लागते. छातीचं आवळणं महिन्यातून एक-दोनदा. सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी औषधाची मात्रा निम्मी केली. राग येतो, पण बोलण्याआधी कानशिलं तापतात ते आता कळतं, आणि कधीकधी तेवढ्यात थांबता येतं. पत्नीचं म्हणणं आहे की पहिले दोन महिने मी उलट जास्त चिडका झालो होतो. तिचं बरोबर आहे, तेव्हा मी कुणी दार वाजवलं तरी खेकसायचो. कामातली एकाग्रता वाढली असं मी म्हणू शकत नाही. दादाची आठवण कमी झालेली नाही, ती व्हावी असंही वाटत नाही.

मैत्रीभावनेचा सराव मला सगळ्यात उशिरा जमला. यात "सुखी राहो, निर्भय राहो" असं आधी स्वतःसाठी आणि मग इतरांसाठी मनात म्हणतात. स्वतःसाठी म्हणताना ते घशातच अडकायचं. मग मी क्रम बदलला. आधी दादासाठी म्हणायचो, मग वहिनींसाठी, आणि जमलंच तर शेवटी स्वतःसाठी. काही महिने यादी वहिनींपाशीच संपायची.

तीन आठवड्यांपूर्वी बसलेलो असताना दुसऱ्या खोलीत फोन वाजला. एरवी बसल्यावर मी उठत नाही. त्या दिवशी छातीत काय होतंय ते पाहिलं, आणि उठलो. वहिनींचा होता, कुठल्याशा कागदावर सही हवी होती. ते बोलून झाल्यावर मी म्हणालो, "वहिनी, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय," आणि त्या दुपारच्या फोनचं सांगितलं. पलीकडे काही वेळ काहीच आवाज नव्हता.

"भावोजी, मलाही केला होता ह्यांनी," त्या म्हणाल्या. "मी गच्चीत होते, फोन खाली राहिला होता. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही."

मग आम्ही दोघंही बराच वेळ फोन कानाला लावून नुसतेच बसून राहिलो.