आठ महिने नोड-पोस्टग्रेस: दहा कनेक्शन आणि एक शून्य

आमच्या सोसायटीच्या देखभाल-वर्गणीचा हिशेब गेले आठ महिने मी नोड.जेएस (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारे साधन) आणि पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालवत आहे. दोहोंना जोडणारे नोड-पोस्टग्रेस, म्हणजे नेहमीचे 'पीजी' पॅकेज. असिंक-अवेट वाचकांच्या परिचयाचे आहे असे धरून थेट तक्रारीकडे वळतो.

दर महिन्याला पावत्या निघू लागल्या की प्रणाली मध्येच गप्प होत असे. लॉगमध्ये ओळ नाही, त्रुटी पकडणाऱ्या कॅचमध्ये काही नाही. सेवा बंद करून पुन्हा सुरू केली की सारे सुरळीत. पहिला संशय यादीतील प्रत्येक घटकासाठी फंक्शन चालवणाऱ्या फॉरईचवर गेला, कारण त्याला मी असिंक फंक्शन दिले होते आणि त्यातून परत येणाऱ्या प्रॉमिसकडे (नंतर मिळणाऱ्या निकालाच्या वचनाकडे) फॉरईच ढुंकूनही पाहत नाही. तिथे फॉर-ऑफ घातल्यावर पावत्या क्रमाने निघू लागल्या, गप्प होणे मात्र तसेच राहिले.

मग कनेक्शन पूलची, म्हणजे डेटाबेसशी जोडलेल्या आणि आळीपाळीने वापरायच्या कनेक्शनच्या साठ्याची, मर्यादा पाहिली: मुळात फक्त 10. ही कंजुषीच असे म्हणून ती 40 केली, त्यासाठी मोठा सर्व्हरही भाड्याने घेतला. तो महिना निभावला, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

अखेर कोणते कनेक्शन काय करत आहे हे दाखवणारे पोस्टग्रेसचे पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी उघडले, तेव्हा चाळीसही कनेक्शन 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' अवस्थेत, म्हणजे व्यवहार उघडा ठेवून नुसती बसलेली, आढळली. आगाऊ वर्गणी भरलेल्या 23 सदनिकांसाठी माझे फंक्शन बिगिननंतर (ट्रान्झॅक्शन सुरू केल्यावर) मधूनच रिटर्न होत होते. त्या वाटेवर ना कमिट (ट्रान्झॅक्शन पक्के करणे) होते, ना रिलीज (कनेक्शन पूलला परत देणे). पहिल्या महिन्यात 23 कनेक्शन गेली, दुसऱ्यात उरलेली 17. चूक माझीच. रिलीज फायनलीमध्ये (काहीही झाले तरी शेवटी चालणाऱ्या भागात) नेले, पण घाईत रोलबॅक (अर्धवट ट्रान्झॅक्शन रद्द करणे) विसरलो, त्यामुळे उघडे ट्रान्झॅक्शन तसेच पूलमध्ये परतले आणि नंतरच्या काही नोंदी त्यातच अडकून नाहीशा झाल्या.

तरीही एका गोष्टीचा राग जात नाही. मोकळ्या कनेक्शनसाठी किती वेळ थांबायचे हे ठरवणारे 'कनेक्शन-टाइमआउट-मिलिस' मुळात शून्य असते, आणि शून्य म्हणजे अनंतकाळ. जे प्रॉमिस पूर्णही होत नाही आणि नाकारलेही जात नाही, त्यासाठी कॅच कधीच चालणार नाही. तुम्ही कितीही काळजीपूर्वक ट्राय-कॅच लिहा. तिथे 5000 लिहिताच पाच सेकंदांत त्रुटी आली असती आणि तिच्या मागावर मी पहिल्याच महिन्यात त्या रिटर्नपर्यंत पोहोचलो असतो.

दहाच्या मर्यादेबद्दलचे मत मात्र मी मागे घेतो. गळती असेल तर लहान पूल ती लवकर उघडी पाडतो. मोठा पूल तीच महिनाभर झाकून ठेवतो. मर्यादा आता पुन्हा 10 आहे आणि सर्व्हरही पुन्हा लहान घेतला आहे. मधल्या महिन्यांचे जादा भाडे गेले ते गेलेच. सोसायटीच्या बैठकीत ते कोणत्या तोंडाने मागणार?