गिट सबमॉड्यूल : चाचण्यांचा डेटा वेगळ्या रिपॉझिटरीत ठेवणाऱ्यांसाठी

कोड एका रिपॉझिटरीत (फायली आणि त्यांच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साठ्यात) आणि चाचण्यांचा डेटा दुसऱ्या रिपॉझिटरीत ठेवला, की कोडच्या कोणत्या कमिटला (नोंदवून ठेवलेल्या टप्प्याला) डेटाची कोणती आवृत्ती लागते याची नोंद कुठेतरी ठेवावीच लागते. गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनातली सबमॉड्यूलची, म्हणजे एका रिपॉझिटरीत दुसरी जोडण्याची, सोय हे काम चोख करते, आणि तिच्याबद्दल बरीच कुरकूर ऐकू येत असली तरी मध्यम आकाराच्या डेटासाठी मी तिचीच शिफारस करेन.

मुख्य रिपॉझिटरी डेटाच्या फायली स्वतः साठवत नाही. त्या फोल्डरच्या जागी ती डेटा-रिपॉझिटरीतल्या एका कमिटचा हॅश (त्याची ओळख सांगणारा संकेतांक) नोंदवते, आणि ही नोंद कोडच्या कमिटचाच भाग असते. त्यामुळे जुन्या कमिटवर जाऊन सबमॉड्यूल अपडेट केले, की त्या कमिटसाठी नोंदवलेलाच डेटा हाती येतो. चूक कधी शिरली हे बायसेक्टने, म्हणजे जुन्या कमिटांची यादी दर वेळी निम्मी करत, शोधताना याचे मोल कळते, कारण जुना कोड नव्या अपेक्षित उत्तरांशी ताडला गेला तर सगळा शोधच भरकटतो.

ओपनसीव्ही या प्रतिमा-प्रक्रियेच्या लायब्ररीने वेगळी वाट धरली आहे. तिथे चाचण्यांचा डेटा ओपनसीव्ही-एक्स्ट्रा या स्वतंत्र रिपॉझिटरीत असतो, आणि दोन्हीकडे बदल करायचे असल्यास दोन्ही ठिकाणी एकाच नावाची ब्रँच (बदलांची वेगळी शाखा) तयार करायची असते, म्हणजे सीआय (बदल आपोआप तपासणारी यंत्रणा) त्यांची जोडी लावते. ही पद्धत सुटसुटीत आहे, रिलीजचे टॅगही (आवृत्तीच्या नावाच्या खुणा) दोन्हीकडे सारखे असतात. पण दोन टॅगांच्या मधल्या एखाद्या कमिटचा डेटा हवा असेल तर तारखा जुळवत बसावे लागते. एचटीएमएल५लिब या एचटीएमएल वाचणाऱ्या लायब्ररीच्या पायथन प्रकल्पाने मात्र सामाईक चाचणीसंच सबमॉड्यूल म्हणून घेतला आहे, आणि एकच संच अनेक पार्सरांना (मजकुराची रचना उलगडणाऱ्या प्रोग्रामांना) वापरायचा असेल तेव्हा मला हीच रीत योग्य वाटते, कारण प्रत्येक प्रकल्पाला आपल्या सवडीने नव्या चाचण्यांकडे सरकता येते.

उणिवाही आहेत. रिपॉझिटरीचे साधे क्लोन (आपल्या संगणकावर प्रत) केल्यास डेटाचे फोल्डर रिकामे मिळते. ‘रिकर्स-सबमॉड्यूल्स’ हा पर्याय दिला की ते भरते. त्याहून त्रासदायक प्रश्न पुशच्या, म्हणजे कमिट सर्व्हरवर पाठवण्याच्या, क्रमाचा आहे. डेटाचा कमिट आपल्याच संगणकावर राहिला आणि कोड पुढे गेला, तर इतरांना अस्तित्वातच नसलेल्या कमिटचा हॅश मिळतो. ‘पुश.रिकर्ससबमॉड्यूल्स’ ही सेटिंग ‘चेक’वर ठेवली तर गिट असा पुश अडवते, मात्र ती मुळात बंद असते आणि प्रत्येकाने आपापल्या संगणकावर चालू करावी लागते, इतक्या महत्त्वाच्या तपासणीबाबत हे मला मुळीच पटत नाही. डेटा-रिपॉझिटरीत स्क्वॅश मर्जही (ब्रँचचे सगळे कमिट एकात मिसळून जोडणे) टाळावे, कारण त्याने नवा हॅश तयार होतो आणि ब्रँच पुसल्यावर कोडमध्ये नोंदवलेला जुना कमिट कोणत्याच ब्रँचवर उरत नाही.

चाचण्यांना मोठे व्हिडिओ किंवा प्रतिमा लागत असतील तर एकटे सबमॉड्यूल पुरत नाही. गिटहब १०० एमबीहून मोठी फाइल साध्या गिटमधून स्वीकारत नाही. अशा वेळी डेटा-रिपॉझिटरीत गिट एलएफएस (मोठ्या फायली वेगळ्या साठवणारी जोडणी) वापरून तीच सबमॉड्यूल म्हणून जोडता येते.