पहिला प्रोजेक्ट म्हणून ५५५ टायमर: काही महिन्यांच्या वापरानंतर

इलेक्ट्रॉनिक्सचा छंद नव्याने लागलेल्या माणसाने पहिला प्रोजेक्ट कोणता घ्यावा, असं विचारलं की हल्ली बहुतेक जण आर्डुइनोचं (प्रोग्रॅम लिहून चालवायच्या छोट्या बोर्डाचं) नाव घेतात. मी मात्र ५५५ टायमर आयसीने (ठराविक वेळाने आउटपुट चालू-बंद करणाऱ्या चिपने) एलईडी लुकलुकवण्यापासून सुरुवात केली, आणि तोच आयसी निरनिराळ्या सर्किटांत गेले कित्येक महिने माझ्या टेबलावर आहे. इतक्या वापरानंतर माझं मत पक्कं झालंय: पहिल्या प्रोजेक्टमधल्या प्रत्येक पिनवर काय चाललंय ते मोजता आलं पाहिजे आणि स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. तो किती भारी दिसतो ही गोष्ट नंतरची. या कसोटीवर ५५५ ला तोड नाही.

आयसी जुना आहे. हान्स कॅमेनझिंड यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्ससाठी त्याची रचना केली आणि १९७२ मध्ये तो बाजारात आला. आजही तो सहज मिळतो. त्याला आठ पिना असतात आणि ४.५ ते १६ व्होल्टवर तो चालतो. माझं सर्किट असं आहे: ८ आणि ७ या पिनांमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर (करंट अडवणारा पार्ट), ७ आणि ६ मध्ये ६८ किलोओहमचा, २ आणि ६ एकमेकींना जोडलेल्या, तिथून ग्राउंडला (बॅटरीच्या ऋण टोकाला) १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (चार्ज साठवणारा पार्ट). पिन ८ बॅटरीच्या धन टोकाला, पिन ४ थेट ८ ला, पिन १ ग्राउंडला, पिन ५ वरून ग्राउंडला १० नॅनोफॅरडचा छोटा सिरॅमिक कपॅसिटर. आउटपुट म्हणजे पिन ३, तिथून ४७० ओहमचा रेझिस्टर आणि एलईडी ग्राउंडला. ९ व्होल्टची बॅटरी लावली की एलईडी साधारण सेकंदाला एकदा लुकलुकतो. एवढे मोजके पार्ट असल्यामुळे काही बिघडलं तरी शोधायच्या जागाही मोजक्याच राहतात.

मला खरी गोडी लागली ती एलईडी पेटल्यावर नव्हे, कपॅसिटर बदलल्यावर. १० च्या जागी १०० मायक्रोफॅरडचा लावा आणि मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याचं टोक पिन ६ ला धरा. आकडा तीनच्या आसपास असतो, तिथून हळूहळू चढत जातो: साडेतीन, चार, पाच. सहाला टेकतो न टेकतो तोच एलईडी विझतो आणि आकडा उतरायला लागतो. पुन्हा तीनला पोचला की एलईडी पेटतो. ९ व्होल्टचा एक तृतीयांश म्हणजे ३ आणि दोन तृतीयांश म्हणजे ६. आयसीच्या आत सारखे तीन रेझिस्टर ओळीने बसवलेले आहेत, ते पुरवठ्याचे तीन समान भाग करतात आणि या दोन पातळ्या ठरवतात. पुस्तकातली ही ओळ मी अनेकदा वाचली होती, पण ती समजली मीटरवरचा आकडा वळताना पाहिल्यावर.

त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी उलगडतात. बॅटरी जोडल्यावरचा पहिला उजेड नंतरच्यांपेक्षा जास्त वेळ टिकतो, कारण त्या वेळी कपॅसिटर तीनपासून नव्हे, शून्यापासून भरत असतो. आणि उजेडाचा काळ अंधाराच्या काळापेक्षा थोडा जास्त असतो, कारण भरताना करंट दोन्ही रेझिस्टरमधून येतो, तर रिकामा होताना तो फक्त ६८ किलोओहमवाल्यातून पिन ७ कडे जातो. सूत्रही इथूनच आलंय. पहिल्या रेझिस्टरमध्ये दुसऱ्याची दुप्पट मिळवा, त्याला कपॅसिटरने गुणा आणि १.४४ ला त्या उत्तराने भागा, की फ्रिक्वेन्सी मिळते. इलेक्ट्रोलिटिकमध्ये छापील किमतीपेक्षा वीस टक्के फरक असू शकतो, त्यामुळे कागदावरचं उत्तर आणि घड्याळावरचं उत्तर तंतोतंत जुळणार नाही. तो फरक कुठून आला हे शोधणं हाही एक चांगला धडा आहे.

मग ९ व्होल्टची बॅटरी काढून पेन्सिल सेलचा चारचा होल्डर लावून पाहा. एलईडी मंद होतो, पण लुकलुकण्याचा वेग जवळजवळ तोच राहतो. पुरवठा घटला तशा दोन्ही पातळ्याही त्याच प्रमाणात खाली आल्या, म्हणून. त्यानंतर कपॅसिटर १० नॅनोफॅरडचा करा. एलईडी आता सतत पेटलेला दिसतो, कारण तो सेकंदाला हजारच्या आसपास वेळा लुकलुकतोय. एलईडीच्या जागी साधी पिझो चकती जोडली, तर तोच वेग शिट्टीसारखा ऐकू येतो. सर्किट तेच, बदलला फक्त एक पार्ट.

आता आर्डुइनोबद्दल. बोर्ड उत्तम आहे, मीही पुढे तो घेतला. पण आर्डुइनो उनो या बोर्डावर १३ नंबरच्या पिनला एलईडी आधीच जोडलेला असतो. म्हणजे पहिला प्रोग्रॅम चालला, दिवा लुकलुकला, आणि आपण एकाही पार्टला हात लावलेला नाही. उलट तो चालला नाही, तर दोष केबलमध्ये आहे, पोर्टमध्ये, ड्रायव्हरमध्ये की कोडमध्ये, हे नवशिक्याने कसं ओळखायचं? ज्यांना प्रोग्रॅमिंग येतं आणि सेन्सरचीच ओढ आहे, त्यांनी खुशाल तिथून सुरुवात करावी. बाकीच्यांसाठी तो दुसरा प्रोजेक्ट म्हणून जास्त योग्य.

एफएम ट्रान्समीटर पहिल्यांदा अजिबात घेऊ नये असं मला वाटतं. पार्ट कमी दिसतात म्हणून मोह होतो. पण १०० मेगाहर्ट्झच्या आसपास ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता पार्ट खोचायच्या भोकांच्या बोर्डाच्या) शेजारशेजारच्या पट्ट्यांमधली काही पिकोफॅरडची कपॅसिटन्सही हिशेबात धरावी लागते, आणि सगळं बरोबर जोडूनही सर्किट बोलत नाही. घरच्या वायरिंगच्या विजेवर चालणारं काहीही सुरुवातीला नको, यावर चर्चेचीही गरज नाही.

इतक्या महिन्यांत काय टिकलं? आयसी ठणठणीत आहे. कुरकुर ब्रेडबोर्डची आहे. जाड पायांचे पार्ट वारंवार खोचलेल्या भोकांची पकड सैल झाली आहे, आणि काही जंपर वायरी वरून धडधाकट दिसत असल्या तरी आतून तुटल्या आहेत. म्हणून वायर वापरण्याआधी मल्टिमीटरच्या बझरवर तपासण्याची सवय फार उपयोगी पडते. लांब ब्रेडबोर्ड घेणार असाल तर कडेची लाल रेघ मध्यावर तुटलेली आहे का ते पाहा. तुटलेली असेल तर बहुतेक वेळा आतली पट्टीही तिथे तुटलेली असते आणि अर्ध्या बोर्डाला पुरवठाच पोचत नाही.

५५५ च्या मर्यादाही सांगायला हव्यात. तो काही न करताही काही मिलिअँप खातो, त्यामुळे ९ व्होल्टची बॅटरी अखंड चालू ठेवली तर जेमतेम दोनेक दिवस पुरते. रोजच्या वापराला पेन्सिल सेलच बरे. आउटपुट बदलताना तो पुरवठ्यात क्षणभर धक्का देतो, त्यामुळे एकाच बोर्डावर सायरनसाठी दोन ५५५ बसवले की एकाची लय दुसऱ्यात घुसू शकते. ८ आणि १ या पिनांच्या अगदी जवळ १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक लावला की बराच फरक पडतो. अचूक वेळ हवी असेल, घड्याळ करायचं असेल, तर मात्र हा आयसी घेऊ नका, तिथे क्रिस्टलच (ठरलेल्या वेगाने कंप पावणारा पार्ट) लागतो.

सर्किट आवडलं तर ते झीरो पीसीबीवर (नुसत्या भोकांच्या कोऱ्या बोर्डावर) सोल्डर करून ठेवा. आयसी थेट सोल्डर न करता सॉकेट लावा, म्हणजे तो तापत नाही आणि हवा तेव्हा काढता येतो. खरेदी करताना आठ पायांचा डीआयपी प्रकारच मागा, छोटा एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावर सोल्डर करायचा प्रकार) ब्रेडबोर्डवर बसत नाही. दोन सेलवर चालवायचं असेल तर टीएलसी५५५ सारखा सीमॉस प्रकार घ्या. तो २ व्होल्टपासून चालतो आणि करंट फारच कमी घेतो. फक्त त्याची पिन ३ बाहेर जेमतेम १० मिलिअँपच देते, त्यामुळे एलईडीचा रेझिस्टर ठरवताना तेवढं ध्यानात ठेवा.