रायगडची गाईडेड टूर: माहिती झकास, जेवण बोगस

ग्रुपचं नाव घेत नाही, पण गाईड खरंच अभ्यासू निघाला. नेहमीचं ढाल-तलवारीचं पाल्हाळ नाही, बाजारपेठेतल्या जोत्यांवर सगळ्यांना बसवलं आणि डायरेक्ट विचारलं, लढाईला पैसा यायचा कुठून? मग १६६५ चा मुघलांशी झालेला पुरंदरचा तह, २३ किल्ले गेले, १२ उरले, आणि गडावर हवालदार (गडाचा मुख्य), सरनौबत (शिबंदीचा प्रमुख), सबनीस (हिशेब-दप्तरवाला) असे तिघं कशाला, तर एकट्याने फितूर होऊन गड परस्पर देऊ नये म्हणून, शिवाय धान्य-सामानाला कारखानीस वेगळाच. म्हणजे युद्धाच्या धास्तीतनंच कारभार उभा राहिला की राव! शिवाजी महाराजांचा भर रोख पगारावर, पण राजाराम महाराजांच्या वेळी मुघलांशी झुंजताना तिजोरीत खडखडाट, म्हणून सरदारांना वतनं-सरंजाम, म्हणजे रोख पगाराऐवजी जमिनी आणि मुलखाचा महसूल, द्यावे लागले आणि पुढे तेच आपापल्या मुलखात बलाढ्य झाले, हे मला इथे पहिल्यांदा नीट कळलं.

बाकी व्यवस्था यथातथाच. बस लेट, पिठलं गारढोण, रोपवेची तिकिटं आधी काढलीच नव्हती त्यामुळे उन्हात लाईन. शाळेतली पोरं असतील तर जरूर न्या, डबा मात्र घरनंच.