चार चॅनलचा रिले बोर्ड, बरेच महिने रोज वापरल्यावर

ईएसपी८२६६ या छोट्या वायफाय कंट्रोलरला जोडलेला निळ्या रिलेंचा, म्हणजे कंट्रोलरच्या सिग्नलवर चालू-बंद होणाऱ्या स्विचांचा, साधा बोर्ड आहे माझा, दिवे आणि पंखा रोज त्यावरच चालतात आणि अजून तक्रारीला जागा नाही. पण हा बोर्ड सुरक्षित आहे का याचं उत्तर बोर्डात कमी आणि वायरिंगमध्ये जास्त आहे.

जेडी-व्हीसीसी ही रिलेच्या कॉइलला (आतल्या विद्युतचुंबकाला) सप्लाय देणारी पिन. तिचा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, तशीच ठेवली तर ऑप्टोकपलर (प्रकाशाने सिग्नल पोचवून कंट्रोलर आणि कॉइलची बाजू वेगळी ठेवणारा भाग) असून नसल्यासारखा, कारण दोन्ही बाजू एकाच सप्लायवर. मी जंपर काढून कॉइलला वेगळे ५ व्होल्ट दिलेत आणि कंट्रोलरचा ग्राउंड बोर्डाला जोडलेलाच नाही, तो जोडला की सगळं आयसोलेशन, म्हणजे दोन बाजूंचा वेगळेपणा, गेलं. एक कॉइल साधारण ७० मिलिअँपिअर खाते, चारही ऑन झाल्या की ३०० च्या आसपास, म्हणून सप्लाय दमदार हवा.

कंट्रोलरची पिन निवडताना घाई नको. हे बोर्ड लो सिग्नलवर (पिन शून्य व्होल्टला आली की) ऑन होतात आणि बूट होताना काही पिना आपोआप वरखाली होतात, मग लाईट जाऊन आली की रिले स्वतःहून टकटक करतो. मी जीपीआयओ (कंट्रोलरच्या सिग्नल पिना) ४, ५, १२ आणि १४ घेतल्यात, शिवाय कोडमध्ये पिन आउटपुट करायच्या आधीच हाय लिहिलंय, त्यामुळे शांत आहे.

आता रिलेवर छापलेले १० अँपिअर. ते हीटरसारख्या साध्या लोडसाठी, मोटरसाठी नाहीत. मोटर सुरू होताना कितीतरी पट करंट ओढते आणि बंद होताना कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते, म्हणून पंपाला कॉन्टॅक्टर, म्हणजे जड लोडसाठीचा मोठा रिले, लावलाय, छोटा रिले फक्त त्याची कॉइल चालवतो आणि कॉइलवर ठिणगी दाबणारा स्नबर आहे. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर घेतो, कागदावर बसतो खरा पण बोर्डाच्या बारीक ट्रॅकवर तासन्‌तास एवढा करंट मला पटत नाही, तिथेही कॉन्टॅक्टरच.

सॉलिड स्टेट रिले (हलणारे कॉन्टॅक्ट नसलेला इलेक्ट्रॉनिक रिले) आवाज करत नाही हे छान, पण बंद असतानाही थोडा करंट गळतो आणि छोटा एलईडी दिवा मंद पेटलेला राहतो.

तोडायचा तो फेजच, न्यूट्रल कधीच नाही. आणि कॉन्टॅक्ट चिकटला तर मोबाईलवर ऑफ दिसतं पण लोड चालूच असतो, म्हणून गरम होणाऱ्या वस्तूंचा मूळ थर्मोस्टॅट कुणीही बायपास करू नका आणि डबा उघडायच्या आधी एमसीबी पाडून टेस्टर लावून बघा, नुसता रिले ऑफ असणं पुरेसं नाही.