‘खात्रीशीर आहे’ असं मी लिहिलं होतं

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बाजारात माझं मेडिकल आहे, २२ वर्षांपासून. खेड्यावरची माणसं मला ‘डॉक्टर’ म्हणतात. मी डॉक्टर नाही, डी. फार्म. झालोय, हे पहिली काही वर्षं सांगत होतो. पुढं सोडून दिलं. ऐकायला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. मदतीच्या एका खोट्या मेसेजपायी माझे स्वतःचे गेले ५,१०० रुपये. तेवढंच असतं तर लिहायला बसलो नसतो. माझ्या शब्दावर आणखी ४१ जणांचे गेले.

जुलै महिना होता. कणकुंबी-जांबोटीकडं पावसानं असा जोर धरला होता की तिकडची गिऱ्हाईकं दोन दिवस फिरकली नव्हती. लाइट जात-येत होती. दुकानात बसून मोबाईल चाळण्यापलीकडं काम नव्हतं. तालुक्यातल्या मराठी माणसांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, सातशेच्या वर माणसं. त्यात एक मेसेज आला. नाकात नळी घातलेली, डोक्याचा गोटा केलेली ४ वर्षांची मुलगी. सोबत बेळगावातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या लेटरहेडवरचं एस्टिमेट, १४ लाखांचं. खाली क्यूआर कोड. आणि वर मजकूर: ‘सीमाभागातल्या मराठी लेकराला रक्ताचा कॅन्सर. मराठी म्हणून इथलं सरकार हाकलून देतं, महाराष्ट्राला आपण परके. आता आपलीच माणसं.’

सीमाभागाबाहेरच्या वाचकाला हे वाक्य साधं वाटेल. आमच्याकडं ते थेट आत जातं. आमची मराठी गावं महाराष्ट्राऐवजी कर्नाटकात गेली म्हणून १९५६ पासून प्रत्येक १ नोव्हेंबरला काळा दिन पाळणाऱ्या घरांत आम्ही वाढलो. या गावांसाठी महाराष्ट्रानं केलेला सुप्रीम कोर्टातला दावा २००४ पासून चालू आहे. तो दाखल झाला तेव्हा शाळेत जाणारी पोरं आता संसाराला लागली. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण आम्हाला कुणी शिकवावी लागत नाही. ज्यानं तो मजकूर लिहिला त्याला आमची ही दुखरी नस बरोबर ठाऊक होती. आजारी पोर दाखवून त्यानं आमचा कळवळा जागा केला, हे आहेच. पण त्याहून जास्त त्यानं आमचा राग कामाला लावला. रागावलेला माणूस कागद तपासत नाही.

आणि तपासायला मी सगळ्यात लायक माणूस होतो. माझ्याकडं कुणी चिठ्ठी आणली तर मी आधी तारीख बघतो, डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर बघतो, सही बघतो. झोपेच्या गोळीची चिठ्ठी असेल तर समोरच्या माणसाच्या तोंडाकडंही बघतो. त्या एस्टिमेटवर पेशंटचा आयपी नंबर, म्हणजे दाखल करताना हॉस्पिटल देतं तो, नव्हता. डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर नव्हता. शिक्का इतका स्वच्छ होता की तो रबराचा असणंच शक्य नव्हतं. हे सगळं मला आज दिसतं. त्या दिवशी मला फक्त १४ लाख दिसले.

इथलं सरकार हाकलून देतं, हे तरी पडताळून बघायचं! बीपीएल रेशन कार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. दुकानात येणाऱ्या कितीतरी जणांना मीच सांगतो की कार्ड घेऊन जावा. महाराष्ट्रानं महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली. २०२४ च्या सुरुवातीला त्यावरून दोन्ही राज्यांत चांगलीच जुंपली होती, पेपरात रोज बातम्या होत्या. म्हणजे ‘कार्ड कुठलं आहे, कुठल्या योजनेत अर्ज केला, काय म्हणून नाकारला’ हे तीन प्रश्न विचारायला मला कुठं जायचीही गरज नव्हती.

मी फोन मात्र केला. तेवढं केल्याचा मला पुढं फार आधार वाटत राहिला. पलीकडं एक तरुण, मराठी एकदम सफाईदार. ‘मी मुलीचा मामा बोलतोय, दादा.’ गाव विचारलं तर म्हणाला, नंदगडाकडचं. नंदगडाकडं कुठलं, म्हणेपर्यंत ‘डॉक्टर राउंडला आलेत, नंतर करतो’ म्हणून ठेवला. नंदगडात माझी निदान ३० गिऱ्हाइकं आहेत. एकाला फोन लावला असता तर तिथंच सगळं उघडं पडलं असतं. थोड्या वेळानं मुलीच्या आईची म्हणून रेकॉर्ड केलेली एक क्लिप आली, रडत-रडत बोललेली. ‘मी चार दिवसांपासून इथेच बसलेले आहे हो, माझ्या बाळासाठी काहीतरी करा.’

ती क्लिप मी रात्री जेवताना घरात लावली. आई ७८ वर्षांची आहे, कान अजून तिखट. म्हणाली, ‘ही बाई आपल्याकडची न्हवं रे. आपली बाई रडताना पुस्तकातलं बोलत नाही.’ आमच्या बायका ‘मी आलो, मी बसलो’ म्हणतात, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. मी आईला म्हणालो, शिकलेली असेल. आणि वर, तुला काय कळतंय, असंही म्हणालो.

आता खरी चूक सांगतो. त्या मेसेजवर दोन बाणांची खूण होती, ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ म्हणून. असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढं पाठवता येतो. २०२० पासून तसं आहे. त्याच्या आधी २०१८ मध्ये भारतात एका वेळी ५ ठिकाणांची मर्यादा आली होती. ती का आली हेही मला माहीत होतं. त्या वर्षी जुलैत मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला ५ माणसांना ठेचून मारलं, आणि त्याच महिन्यात आपल्या कर्नाटकात बिदर जिल्ह्यात एका इंजिनियरला. पण लेकराचा जीव जातोय आणि हे ॲप मला एक-एक करून पाठवायला लावतंय, याचा मला वैताग आला. मी फोटो सेव्ह केले, मजकूर कॉपी केला, नवा मेसेज म्हणून टाकला. दोन बाण गेले. धोक्याची जी एक खूण त्या मेसेजवर होती ती मी स्वतःच्या हातानं पुसली आणि तिच्या जागी एक ओळ लिहिली: ‘खात्रीशीर आहे. कागद मी स्वतः पाहिले आहेत. – खानापूर मेडिकलवाले’. १७ ग्रुपांत टाकला. शिवाय स्टेटसला.

ग्रुपमध्ये पोस्टातून रिटायर झालेले एक काका आहेत. त्यांनी अर्ध्या तासात लिहिलं, ‘क्यूआर स्कॅन केल्यावर भलत्याच माणसाचं नाव येतं. मुलीच्या घरचं नाव नाही, हॉस्पिटलचंही नाही.’ मनीऑर्डर ज्याच्या नावची त्याच्याच हातात द्यायची, असं आयुष्यभर केलेला माणूस. त्यांना नाव खटकणारच. मला ते नाव पैसे पाठवताना दिसलं होतं. मी उत्तर दिलं, ‘हॉस्पिटलच्या अकाउंटंटचं असेल, काका.’ असेल! त्यावर बाकीचे तुटून पडले. पाच रुपये द्यायची दानत नाही आणि शंका काढतात, पेन्शन मोजत बसा, मराठी माणूसच मराठी माणसाचा वैरी. यातले बरेच जण काकांनी पत्रं पोचवलेल्या घरांतले. काका ग्रुप सोडून गेले. मी ते ‘लेफ्ट’ बघितलं आणि मला हायसं वाटलं, कारण आता चर्चा थांबून पैसे सुरू होतील.

पैसे सुरू झालेच. माझ्याकडं पूर्वी कामाला असलेला एक पोरगा म्हापशाला हॉटेलात आहे, त्यानं २,००० पाठवले आणि स्क्रीनशॉट मला टाकला, ‘अण्णा, पाठवलोय’ म्हणून. जांबोटीकडच्या एका बचत गटानं ३,२०० जमवले. कन्नड शाळेतल्या एक टीचर माझ्या जुन्या गिऱ्हाईक. इथंच वाढलेल्या, मराठी वाचतात. त्यांनी स्टेटस बघितलं, दुकानात आल्या, काउंटरवर ५०० ची नोट ठेवली आणि म्हणाल्या, ‘मगूगे कोडरी, अण्णा.’ लेकराला द्या. मी ते माझ्या फोनवरून पाठवले.

चौथ्या दिवशी भाचा आला. बेळगावात इंजिनियरिंगला आहे. त्यानं तो फोटो गूगल लेन्समध्ये टाकला, मिनिटभरात तोच फोटो समोर. दुसऱ्या राज्यातली मुलगी, काही वर्षांपूर्वीचं मदतीचं खरं आवाहन, तिथून उचललेला. मग मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं: एस्टिमेटवरचा मोबाईल नंबर सोडून हॉस्पिटलच्या लँडलाइनला फोन. बिलिंगच्या माणसानं नाव बघितलं, अशी पेशंटच नाही. आणि एक गोष्ट सांगितली, ती जशीच्या तशी देतो: ‘खऱ्या केसमध्ये पैसे हॉस्पिटलच्या खात्यावर पेशंटच्या नंबरानिशी भरता येतात. नातेवाइकाच्या क्यूआरची गरजच नसते.’ ‘मामा’चा फोन तोपर्यंत बंद.

१९३० ला फोन केला. अशी फसवणूक झाली की पहिल्यांदा हाच नंबर फिरवायचा, नाहीतर सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकायची; आणि तासाभरात, चार दिवसांनी नव्हे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळतात. पळायच्या आत अडवले तर हाताला लागतात. व्यवहाराचा १२ आकडी नंबर, वेळ, बँक सगळं विचारतात. आणि ज्याच्या खात्यातून गेले त्यानं तक्रार करायची. म्हणजे ४१ जणांना मी एकेक करून फोन लावायचा की तुम्ही फसलात, मी फसवलं, आता १९३० फिरवा. यातल्या १४ जणांनी तक्रार केली. बाकीचे म्हणाले, जाऊ दे अण्णा, ५०० रुपयांसाठी पोलीस कशाला. या ‘जाऊ दे’वरच हा धंदा चालतो. दुसऱ्याचं रूप घेऊन असं ऑनलाइन फसवणं हा आयटी कायद्याच्या ६६ डी कलमाखाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद आहे, पण तक्रारीच नसतील तर कलम कुणाला लावणार? खातं गोठवलं तेव्हा त्यात ४१२ रुपये होते. ते कुणा मजुराच्या नावावरचं, भाड्यानं घेतलेलं खातं होतं, एवढंच पुढं कानावर आलं.

वहीत बेरीज केली: ६३,८५०. त्यात माझे नाहीत. ज्यांची मजुरीची कमाई होती त्यांचे मी परत केले, अजून करतोय. म्हापशाच्या पोरानं घ्यायला नको-नको केलं, मग घेतले. बचत गटाच्या बायका एक शब्द बोलल्या नाहीत. आता गोळ्या दुसऱ्या मेडिकलमधून नेतात.

टीचरांचे ५०० घेऊन त्यांच्या घरी गेलो. चहा दिला. म्हणाल्या, ‘पैशाचं असू दे, अण्णा. ते वरचं वाक्य तुम्ही वाचला होता काय? मराठी म्हणून हाकलतात, ते?’ मी काही बोललो नाही. वाचलं होतं. वाचून आवडलंही होतं, नाहीतर १७ ग्रुपांत कशाला गेलं असतं? आणि त्याच वाक्याखालच्या लेकरासाठी त्या ५०० देऊन गेल्या होत्या.

काकांच्या घरी जायला मला त्याहून जास्त दिवस लागले. ते अंगणात सुपारी कातरत होते. ‘मला काय, मी जुना माणूस,’ म्हणाले. ग्रुपमध्ये परत या म्हणालो, तर अडकित्ता खाली न ठेवता म्हणाले, ‘तिथं काय काम आहे माझं?’ पुन्हा आले नाहीत. सातशे जणांत शंका विचारणारा एक होता, तो आम्ही घालवला.

माफीचा मेसेजही मी लिहिला. सगळं स्वच्छ लिहिलं, फोटो खोटा, कागद खोटा, चूक माझी. १७ च्या १७ ग्रुपांत टाकला. लोकांनी हात जोडले, अंगठे दाखवले. पुढं किती जणांनी पाठवला ते विचारत फिरलो, तर मोजून तिघांनी. मूळ मेसेज मात्र गोव्यापर्यंत गेला होता. रडण्याला पाय असतात, माफीला नसतात, असं आमच्या घरात आता थट्टेनं म्हणतात. मला हसायला येत नाही.

परवा, दिवाळीच्या तोंडावर, अळणावरकडची एक बाई आली. सासूची बीपीची गोळी घेतली, पैसे दिले आणि मोबाईल काउंटरवर ठेवला. तोच फोटो. मुलीचं नाव नवं, गाव आता चंदगडकडचं, क्यूआर वेगळा. खाली माझी ओळ मात्र जशीच्या तशी: खात्रीशीर आहे, कागद मी स्वतः पाहिले आहेत.

‘डॉक्टर, हे तुमचंच न्हवं?’ ती म्हणाली. ‘म्हटलं, आधी विचारतो, मग पाठवतो.’

मी तिला दोन्ही हातांनी थांबवलं. पाठवू नका, खोटं आहे, मीच फसलोय यात. पैसे गेले नाहीत ना, म्हणून दोनदा विचारलं.

‘न्हाई न्हाई, पैसे पाठवलो नाही अजून,’ ती म्हणाली. ‘आमच्या गटात टाकलोय तेवढं.’